नाशिकच्या हवेत घरच्या बागेतलं ड्रॅगन फ्रूट : कुंडी, खांब, पाणी आणि मे महिन्याचं ऊन

गोदाकाठ

ड्रॅगन फ्रूटबद्दल विचारणा वाढल्यात, पण उत्तरं ठिकठिकाणी विखुरलीत. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. नाशिक शहर आणि आसपासच्या हवेपुरतंच बोलू. कोकणातला किंवा सोलापूरकडचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

निवडुंग आहे म्हणजे रखरखीत उन्हात ठेवा आणि विसरा, असं समजून लोक लावतात. मुळात हा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलातला, झाडांच्या आधाराने चढणारा वेल. वर फांद्यांची जाळीदार सावली, मुळाशी पालापाचोळा. मुळं वरच्या वीतभर मातीतच पसरतात, खोल जात नाहीत. त्यामुळे नाशकात त्याला मारणाऱ्या गोष्टी दोनच. एक, पावसाळ्यात काळ्या मातीत साचलेलं पाणी. दुसरी, एप्रिल-मे मधलं दुपारी एकनंतरचं ऊन. थंडीचा नंबर तिसरा, तोही निफाडकडे.

जागा निवडताना सकाळचं ऊन पाच-सहा तास मिळेल आणि पश्चिमेकडून भिंत, झाड किंवा शेडनेट असेल अशी निवडा. पूर्ण सावलीत झाड जगतं, पण फुटवे बारीक, गोल आणि फिकट येतात. त्यांना फूल लागत नाही. असे फुटवे सरळ काढून टाकायचे.

लागवड काडीपासूनच करा. बियांची रोपं फळायला चार-पाच वर्षं घेतात. चांगली काडी दीड वर्षात, कधी त्याआधीही फूल दाखवते. काडी निदान वर्षभराची, गडद हिरवी, कडा जाड झालेली, १ ते दीड फूट लांब असावी. कापल्यावर ५ ते ७ दिवस सावलीत उभी ठेवून जखम सुकवा. खालचं टोक कोणतं ते कापतानाच खूण करून ठेवा, नाहीतर उलटी लावली जाते. दोन इंच खोल लावायची, त्याहून खोल नाही. पहिले आठ दिवस पाणी नको, नंतर माती नुसती दमट राहील इतकंच. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात.

मुरूम_आणि_माती

चांगला धागा. मातीबद्दल मी लिहितो, कारण निम्मी झाडं तिथेच जातात.

कुंडी निदान २० इंच रुंद आणि १६ इंच खोल हवी. तिच्यात साधारण ८० लिटर मिश्रण बसतं. २०० लिटरचा ड्रम आडवा कापून अर्धा घेतला तर उत्तम. तळाला १२ मिमीची आठ-दहा भोकं, आणि तळापासून इंचभर वर बाजूलाही चार. खालची भोकं मातीने बुजली तरी बाजूची चालू राहतात. कुंडी विटांवर ठेवा, फरशीला चिकटवून नको.

मिश्रण घमेल्याच्या मापाने :
- बारीक मुरूम किंवा लाल माती ३ घमेली
- चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ३ घमेली
- जाड वाळू किंवा क्रशरची कच (धूळ चाळून काढलेली) २ घमेली
- भाताचं तूस १ घमेलं. इगतपुरी-त्र्यंबककडच्या भातगिरणीत सहज मिळतं
- निंबोळी पेंड २०० ग्रॅम आणि ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयुक्त बुरशी) ५० ग्रॅम, शेणखतात मिसळून

काळी माती शून्य. 'थोडी घातली तर ओल टिकेल' हा विचार जुलैत महागात पडतो. कुंडीतली काळी माती पावसात चिखल होते आणि मेमध्ये आक्रसून कुंडीच्या कडा सोडते; मग पाणी कडेने निथळून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो.

मिश्रण बरोबर झालं का ते बघायची सोपी रीत. भरलेल्या कुंडीवर दोन तांबे पाणी एकदम ओता. अर्ध्या मिनिटात वरचं पाणी दिसेनासं झालं पाहिजे. थारोळं राहिलं तर अजून कच घाला.

जमिनीत लावायचं असेल तर खड्डा खणून लावू नका. काळ्या जमिनीतला खड्डा म्हणजे पाणी साठवायची टाकी. उलट वर चढवा. दीड फूट उंच, चार फूट रुंद गादी करा, तळाला मुरूम आणि वर हेच मिश्रण. बारामतीजवळ माळेगावला केंद्राची अजैविक ताणावर काम करणारी संस्था आहे, तिथे मुरमाड, दगडी जमिनीत या पिकावर काम झालं आहे. दगड-मुरूम चालतो, दलदल चालत नाही.

सिडकोची_गच्ची

गच्चीवाल्यांसाठी वजनाचं सांगायला हवं. ८० लिटरची भिजलेली कुंडी १०० किलोच्या आसपास जाते. त्यात काँक्रीट भरलेला खांब आणि वर पसरलेल्या रसाळ फांद्या वेगळ्या. स्लॅबच्या मधोमध ठेवू नका. खाली भिंत किंवा बीम आहे तिथेच, आणि दोन कुंड्यांत चार-पाच फूट अंतर. जुनी इमारत असेल तर आधी इंजिनिअरला विचारा.

आणि खांबाचं काय? बाजारात तयार मिळतात ते छोट्या कुंडीत डुलतात.

द्राक्षवाला

डुलतात, कारण नुसते मातीत खोचलेले असतात. कुंडीसाठी असं करा.

४ इंची जाड पीव्हीसी पाईप, साडेपाच फूट. खालच्या टोकापासून दोन इंचांवर आणि तीन इंचांवर आरपार भोकं पाडून १६-१६ इंचांच्या दोन सळया अधिकच्या चिन्हासारख्या घाला. हा झाला पाया. कुंडीच्या तळाशी ठेवून त्यावर चार इंच खडी दाबून भरा, मग मिश्रण. मातीच्या वर साधारण चार फूट पाईप राहतो. पाईपच्या आत मधोमध १२ मिमीची एक सळई उभी धरून १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरा. वजन नको असेल तर काँक्रीट फक्त खालच्या दोन फुटांत.

वरच्या टोकाला अशाच दोन २०-२० इंची सळया आडव्या. त्यावर स्कूटरचा जुना टायर ठेवून तारेने चार जागी बांधायचा. तारेची पिळलेली टोकं खालच्या बाजूला वळवा, नाहीतर फांद्यांना टोचतात आणि तिथूनच कुज शिरते. पाईपभोवती गोणपाट किंवा काथ्या गुंडाळा. गुळगुळीत पीव्हीसीवर हवेतली मुळं पकड घेत नाहीत.

द्राक्षाचे जुने लोखंडी अँगल पडून असतात म्हणून वापरायचा मोह होतो. मेमध्ये लोखंड इतकं तापतं की टेकलेली काडी पट्ट्यासारखी भाजते. वापरायचाच असेल तर दोन पदरी गोणपाट हवंच. उघड्या तारेवरही फांदी टाकू नका, वजन वाढलं की तार काडीत रुतते. ठिबकच्या जुन्या नळीचे तुकडे चिरून तारेवर चढवा.

जमिनीत : सिमेंटचा ७ फुटी खांब, दोन फूट आत. एका खांबाला चार काड्या. कुंडीत दोन पुरेत, तीन म्हणजे डोक्यावरून पाणी.

वळण देताना टायरपर्यंत एका काडीची एकच मुख्य वाढ ठेवायची, बाजूचे सगळे फुटवे लहान असतानाच मोडायचे. दर वीतभर अंतरावर सुतळीने आठच्या आकड्यात सैल बांधा. टायरच्या आतून वर येऊन वीतभर पुढे गेली की शेंडा खुडायचा. मग तीन-चार फुटवे येतात, ते टायरवरून खाली सोडायचे. फूल बहुतेक लोंबत्या, पक्व फांदीवरच येतं. वर उभ्या वाढणाऱ्या काड्या नुसतं अन्न खातात. कुंडीत एकूण १२ ते १५ फांद्यांपेक्षा जास्त ठेवू नका. गर्दी झाली की आतल्या फांद्या सडतात.

छाटणी फळं संपल्यावर, डिसेंबरच्या सुरुवातीला. प्रत्येक झाडानंतर सिकेटर (छाटणीची कात्री) स्पिरिटने पुसा. द्राक्षात जे विषाणू-बुरशीचं भय, तेच इथे. आणि पावसात छाटणी नको, कितीही गर्दी दिसली तरी.

चौकस

फांद्या पिवळ्या पडतायत असं लिहून रोज कुणीतरी फोटो टाकतं. त्यावर नेहमीचं उत्तर : एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट) टाका. हे कितपत बरोबर?

गोदाकाठ

बहुतेक वेळा चूक. पिवळेपणाची कारणं किमान चार, आणि प्रत्येकाचा उपाय दुसऱ्याच्या उलट. हात लावून बघितल्याशिवाय काहीही टाकू नका.

पिवळट-पांढरा पट्टा फक्त पश्चिम किंवा नैर्ऋत्य बाजूला, काडी कडक, मागची बाजू हिरवी : उन्हाने भाजलीय. खत नको, सावली हवी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच ५० टक्क्यांचं शेडनेट पश्चिमेला आणि डोक्यावर बांधा, जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की काढा. नेट काडीला टेकू देऊ नका, निदान फूटभर वर. नेट शक्य नसेल तर केओलिन (पांढऱ्या मातीची भुकटी) ५० ग्रॅम लिटरला फवारून पांढरा थर द्या. भाजलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, खाकी होऊन वाळतो. तेवढ्यासाठी फांदी कापायची गरज नाही.

पिवळं-तपकिरी, मऊ, पाणीदार, दाबलं की पाझरतं, वास येतो : जिवाणूजन्य कुज. त्याच दिवशी कापा. आतला मांसल भाग सडून मधली काष्ठाची दोरी तेवढी उरते. कापलेल्या तोंडाकडे नीट बघा. मधल्या काष्ठात एक जरी तपकिरी ठिपका दिसला तरी अजून दोन इंच वर कापा. स्वच्छ पांढरट-हिरवं दिसेपर्यंत हे करत राहायचं. तोंडावर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट, आणि आठवडाभर कोरडं.

नवे फुटवे फिकट पिवळे, जुन्या फांद्या बऱ्या : लोह मिळत नाही. नाशिकच्या चुनखडीयुक्त मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे हमखास. खात्री करायची तर चमचाभर सुक्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली की चुनखडी आहे.

चौथं, सगळं झाड सुरकुतलेलं, फिकट, आणि माती ओली. इथे लोक हटकून फसतात. सुरकुती म्हणजे तहान असं वाटून अजून पाणी घालतात. माती ओली असून काडी सुरकुतते याचा अर्थ मुळं सडलीत. झाड उपसा, काळी मुळं कापा, वरची निरोगी काडी सुकवून पुन्हा लावा.

मॅग्नेशियमची कमतरता नसतेच असं नाही, पण या चारांनंतर तिचा विचार करा.

मुरूम_आणि_माती

लोहाबद्दल पुरवणी. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट चुनखडीच्या मातीत टाकलं की काही दिवसांतच अडकून बसतं, झाडाला मिळत नाही. ईडीटीए चिलेटही (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग) सामू (pH) साडेसहाच्या वर गेला की लंगडं पडतं. तिथे ईडीडीएचए प्रकारचं लोह घ्या, १ ग्रॅम लिटरभर पाण्यात, कुंडीला एकदा. महिन्याने फुटव्याचा रंग बघून हवं तर पुन्हा. गंगापूर धरणाच्या नळाच्या पाण्यावर असलेल्यांना हा त्रास कमी, बोअरवाल्यांना जास्त. पावसाचं पाणी दोन ड्रम धरून ठेवलं तर उत्तम.

निफाडकर

थंडीला तिसरा नंबर दिलात, पण आमच्याकडे पारा ५ अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही जातो. कोवळ्या शेंड्यांना ती थंडी लागते. पारदर्शक होतात आणि मग काळे पडतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री जुनी साडी किंवा गोणपाट टाकावं, सकाळी काढावं. प्लास्टिक नको, आत दव साचतं. नोव्हेंबरपासून नत्र बंद, म्हणजे कोवळी वाढच होत नाही. थंडीत काड्या लालसर दिसतात, तो रोग नाही.

आणि गारपीट विसरू नका. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गारा झाल्या की प्रत्येक जखमेतून कुज शिरते. गारा थांबल्यावर चोवीस तासांच्या आत कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला अडीच ग्रॅम, फांद्यांच्या आतल्या बाजूलाही पोचेल असं.

सिडकोची_गच्ची

पाणी किती?

द्राक्षवाला

आकड्यावर जाऊ नका, बोट घाला. वरचे दोन इंच कोरडे झाले की द्या. मार्च-मे मध्ये ८० लिटरच्या कुंडीला दोन-तीन दिवसांआड ३-४ लिटर लागतं, तेही संध्याकाळी. हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी. पावसाळ्यात झाकपाक नसली तरी चालते, निचरा असला तर. ठिबक असेल तर ड्रीपर खोडाला टेकवू नका, वीतभर लांब दोन बाजूंना दोन. आच्छादनाला उसाचं पाचट चालेल, खोडापासून दोन इंच मोकळे सोडून.

डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून हलका ताण दिला तर झाड वाढ थांबवून पुढच्या बहरासाठी बसतं. पण मेमध्ये ताण देऊ नका, कळ्या पडतात.

खतांचं थोडक्यात. छाटणीनंतर कुंडीला शेणखत २-३ किलो आणि निंबोळी पेंड १०० ग्रॅम. फेब्रुवारी-मार्चमध्ये १९:१९:१९ (विद्राव्य खत; आकडे नत्र, स्फुरद, पालाशचे), लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांनी लिटरभर. एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत काही नको, उन्हाच्या ताणात खत मुळांना जाळतं. मेअखेर ०:५२:३४ दोन हप्ते, फळ धरल्यावर १३:०:४५ आणि ०:०:५० आलटून पालटून, सगळं लिटरला २ ग्रॅम. मातीवर पांढरी पापडी दिसली तर खत थांबवून भरपूर पाण्याने कुंडी एकदा धुऊन काढा.

कुंडीतला_मळा

फूल येतं, मोठं उमलतं, आणि चार दिवसांत देठासकट पिवळं होऊन पडतं. यावर कुणी सविस्तर लिहील का? पाणी-खत सगळं वरच्यासारखंच.

गोदाकाठ

मग परागीकरण झालेलं नाही. फूल अंधार पडता पडता उघडायला लागतं, रात्री दहा-अकराला पूर्ण उमलतं, आणि सकाळी ऊन चढलं की मिटतं. एकच रात्र. मूळ देशात वटवाघळं आणि रातपतंग हे काम करतात. आपल्याकडे भरवसा पहाटे येणाऱ्या मधमाश्यांवर, आणि चौथ्या मजल्यावर तोही नाही.

आधी जात बघा. पांढऱ्या गराची बरीचशी झाडं स्वतःच्या परागावर फळतात. लाल गराच्या अनेक जातींना दुसऱ्या जातीचे पराग लागतात. 'अमेरिकन ब्यूटी'सारख्या काही लाल जाती स्वतःवर धरतात. म्हणून एकच झाड घेणार असाल तर नर्सरीत हाच प्रश्न पहिला विचारा, आणि दोन घेणार असाल तर वेगवेगळ्या जातीची घ्या. पिशवीवर 'कमलम' असेल तर ती निराळी जात समजू नका. गुजरात सरकारने २०२१ मध्ये या फळाला दिलेलं नाव आहे ते.

हाताने करायचं ते रात्री नऊ ते अकरा दरम्यान. फुलाच्या मधोमध हिरवट-पिवळी, बोटं पसरल्यासारखी चांदणी असते, ती मादी. भोवती शेकडो बारीक तंतू, टोकाला पिवळी भुकटी. बऱ्याच जातींत चांदणी तंतूंच्या पुढे आलेली असते, म्हणून पराग आपोआप तिच्यावर पडत नाहीत. कोरड्या वाटीत तंतू हलकेच झटकून भुकटी गोळा करा, मऊ रंगाच्या ब्रशने चांदणीच्या सगळ्या बोटांना लावा. कंजुषी नको. जितकी बोटं माखतील तितक्या बिया जास्त आणि फळ मोठं. दोन जातींची फुलं एका रात्री उमलली नाहीत तर पराग कोरड्या कागदात गुंडाळून, डबीत घालून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस ठेवता येतात.

नाशकात बहर आणि पाऊस एकत्र येतात ही खरी अडचण. ओले पराग फुटतात, कामातून जातात. आभाळ असेल तर संध्याकाळीच फुलावर छत्री किंवा कागदी पिशवी उलटी टोपीसारखी घाला, खालून मोकळी.

द्राक्षवाला

त्यात दोन गोष्टी जोडा. कळी फूल व्हायच्या आतच पडत असेल तर तो परागीकरणाचा दोष नाही. नत्र जास्त, पाण्याची ओढाताण, किंवा एका फांदीवर फार कळ्या. एका फांदीवर दोनच ठेवा, त्याही अंतर सोडून, आणि बाकीच्या सुपारीएवढ्या असतानाच खुडा. आणि फूल मिटल्यावर पाच दिवसांनी सुकलेला पाकळ्यांचा झुबका कात्रीने काढून टाका. तो पावसात भिजून फळाच्या तोंडाशी बुरशी धरतो. खालच्या फुगीर भागाला मात्र धक्का नको.

चौकस

कळ्यांवर मुंग्यांची रांग लागते. औषध मारू का?

निफाडकर

फुलोऱ्यात नको, मधमाश्या मरतील. कळीच्या कडांना गोड द्रव सुटतो, त्यासाठी मुंग्या येतात. त्या स्वतः फारसं खात नाहीत, पण पिठ्या ढेकणाला (कापसासारखी पांढरी, रस शोषणारी कीड) आणून पोसतात. खांबावर आणि कुंडीच्या कडेला चिकटपट्टीवर ग्रीस लावा, झाडाला नाही. पिठ्या ढेकूण दिसला तर जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्याने घासा. पावसाळ्यात कोवळे शेंडे रात्रीत कुरतडलेले दिसले तर गोगलगायी समजा, टॉर्च घेऊन वेचा.

कुंडीतला_मळा

आणि काडीवरचे नारिंगी, खरवडल्यासारखे डाग? ते वरच्या चारांत बसत नाहीत.

मुरूम_आणि_माती

ते खोडावरचे बुरशीजन्य व्रण. आधी बारीक, खोलगट, फिकट ठिपके. मग नारिंगी-गंजाच्या रंगाचे उंचवटे. शेवटी जागा वाळून भोक पडतं. जास्त असलेल्या फांद्या कोरड्या दिवशी कापून जाळा, खतात टाकू नका. पावसाळ्याआधी आणि मध्ये उघडीप मिळाली की १ टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण), फुलं उघडी नसताना.

घरच्या मापात : १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. चुना गाळून घ्या. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळा. स्वच्छ लोखंडी पातं मिनिटभर बुडवून बघा. तांबूस थर चढला तर आम्लता उरलीय, थोडी चुन्याची निवळी वाढवा. त्याच दिवशी फवारा, उरलेलं ठेवून दुसऱ्या दिवशी चालत नाही. हातमोजे घाला.

सिडकोची_गच्ची

काढणी कधी? लाल झालं की लगेच?

द्राक्षवाला

नाही. फूल उमलल्यापासून साधारण २५ दिवसांनी रंग फिरतो. त्यानंतर चार-पाच दिवस थांबा. तोडल्यावर हे फळ पिकत नाही, गोडी झाडावरच भरते. कानांसारख्या पाकळ्यांची टोकं सुकायला लागली आणि फळ दाबल्यावर किंचित दबलं की तयार. फार थांबलात आणि जोराचा पाऊस झाला तर बेंबीकडून तडकतं. पिळून तोडू नका, देठाशी फांदीही फाटते, सिकेटरने कापा. बुलबुल टपलेले असतात, रंग फिरताच जाळीची पिशवी चढवा.

लाल गराचं फळ खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी दिसू शकते. तो बीटासारखाच रंग आहे, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.